सहशालेय उपक्रमांमुळे आठवी-नववीची मुलं शाळेत खरंच रमतात का?

मॅडम, प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं, की तुमची आठवी-नववीची पोरं वर्गात येतात, बसतात, पण असून नसल्यासारखी. त्यावर उपाय म्हणून शाळेने ठरवलंय की पुढच्या वर्षापासून प्रत्येकाने एक तरी ॲक्टिव्हिटी घ्यायचीच, तिला मार्क ठेवायचे, आणि जो दोन विषयांत नापास होईल त्याची ॲक्टिव्हिटी बंद. आराखडा तुमच्या गळ्यात पडलाय आणि तुम्हाला शंका येतेय की याने मुलांचं लक्ष खरंच वाढतं का, का आपल्याला भरायला अजून एक रजिस्टर.

शंका बरोबर आहे. लक्ष वाढतं, हे मी चोवीस वर्षं माध्यमिकला शिकवून आणि त्यातली सतरा वर्षं नाटक आणि व्हॉलीबॉल सांभाळून सांगतो. पण तुमच्या आराखड्यातली मार्कांची आणि बंदीची अट ते वाढू देणार नाही, आणि सक्तीचं काय करायचं ते जरा सांभाळून बघावं लागेल. शाळा केवढी आहे, मुलं किती लांबून येतात, घरी कामं किती असतात, उपक्रम घेणारा शिक्षक मनाने घेतोय का यादीत नाव आलं म्हणून घेतोय, यावर बरंच अवलंबून आहे, त्यामुळे माझं सगळंच्या सगळं तुमच्याकडे लागू पडेल असं नाही.

आधी हे ठरवू की 'एंगेजमेंट' म्हणजे आपल्याला नक्की काय हवंय, कारण स्टाफ रूममध्ये हा शब्द जो तो आपापल्या अर्थाने वापरतो. फ्रेडरिक्स, ब्लुमेनफेल्ड आणि पॅरिस या तिघींनी 2004 मध्ये या विषयावरच्या तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात त्यांनी याचे तीन भाग पाडलेत आणि मला ते रोजच्या कामात फार उपयोगी पडतात. एक वागण्यातलं, म्हणजे येणं, बसणं, काम करून देणं. दुसरं मनातलं, म्हणजे ही शाळा माझी आहे असं वाटणं. तिसरं डोक्यातलं, म्हणजे एखादी गोष्ट कळेपर्यंत तिच्यामागे लागणं. ॲक्टिव्हिटीने पहिली दोन तुलनेने लवकर हलतात. तिसरं हलायला वेळ लागतो आणि कधीकधी हलतच नाही. त्यामुळे जूनला क्लब सुरू केले आणि पहिल्या चाचणीत मार्क वाढलेले दिसतील असं तुमच्या हेडसरांना वाटत असेल तर आधी तो गैरसमज काढा, नाहीतर दिवाळीपर्यंत सगळं गुंडाळलं जाईल.

आता एक उदाहरण सांगतो, जरा लांबतंय पण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

नववीत एक मुलगा होता. शेवटचा बाक, आठवड्यातून दोन-तीन दिवस गैरहजर, आला तरी वही नाही. मित्राबरोबर नाटकाच्या तालमीला येऊन बसायला लागला. अभिनय काही जमेना, आवाज पहिल्या रांगेतसुद्धा पोचत नव्हता, मग मी त्याला लाइटवर बसवलं, खरं सांगायचं तर कुठेतरी चिकटवायचा म्हणून. जुना डिमर, म्हणजे लाइट कमी-जास्त करायचा डबा, सहा बटणं, आणि कुठल्या वाक्याला कुठला लाइट याची क्यू शीट. ती त्याने स्वतः लिहायला घेतली. अक्षर असं की वाचणाऱ्याने हात टेकावेत, आणि शब्द लिहायचा कंटाळा म्हणून त्याने स्वतःच्या खुणा बनवल्या, हळू अंधार म्हणजे अर्धा चंद्र, झटक्यात अंधार म्हणजे फुली, दोन लाइट एकदम म्हणजे जोडचाकं. एका मंगळवारी तो आला नाही. दुसरा अंक सुरूच होईना. शीट समोर होती पण त्या खुणा त्याच्याशिवाय कुणाच्या बापाला कळत नव्हत्या. चाळीस मिनिटं वाया गेली आणि पोरं घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेटमधून आत येतोय आणि सहा-सात जण त्याच्यावर धावून गेले, "काल कुठं मेला होतास?"

मी व्हरांड्यात उभा होतो, त्याचा चेहरा बघितला. तो ओशाळला होता, पण खूशही झाला होता. नंतर माझ्या लक्षात आलं की हा पोरगा वर्षानुवर्षं गैरहजर राहतोय आणि त्याला "कुठं होतास" असं कुणी कधी विचारलेलंच नव्हतं. आम्ही शिक्षक "पालकांना घेऊन ये" म्हणायचो, ती गोष्ट वेगळी.

मग मी हजेरीपट काढून बघितला. पहिले चार-पाच आठवडे तो बरोब्बर मंगळवार-शुक्रवार हजर, म्हणजे तालमीचे दिवस. नंतर बुधवारही भरायला लागला कारण मंगळवारी झालेले बदल तो बुधवारी मधल्या सुट्टीत शीटवर चढवायचा. दुसऱ्या सत्रात हजेरी जवळजवळ पूर्ण. मार्क म्हणाल तर गणित जिथल्या तिथे, काठावर. पण जानेवारीत तो मला विचारतो, "सर, लाइट कमी केला तरी डिमरचा डबा एवढा गरम का होतो?" माझा विषय भाषा, मी त्याला विज्ञानाच्या सरांकडे पाठवलं, त्यांनी त्याला समजावलं की या जुन्या डिमरमध्ये दिव्याला एकसरीत जोडलेला एक रोध असतो, दिव्याला न दिलेली वीज तिथे उष्णता होऊन बाहेर पडते. पुढचे दोन-तीन तास तो त्यांच्या तासाला पुढच्या बाकावर होता, असं सरांनीच मला सांगितलं. हे ते तिसरं, डोक्यातलं. सात महिने लागले आणि तेही एकाच विषयात.

तर माझं म्हणणं असं की नाटकाने त्याला शाळेत आणलं नाही. तो नसला की काम अडायचं, त्याने आणलं. हे मी एकटाच म्हणत नाहीये. बार्कर आणि गंप यांनी अमेरिकेत कॅन्सास राज्यातल्या लहान-मोठ्या हायस्कुलांचा अभ्यास करून 1964 मध्ये मांडलं होतं, की मोठ्या शाळेत उपक्रमांची यादी लांबलचक असते, पण लहान शाळेतला एकेक विद्यार्थी जास्त ठिकाणी आणि जास्त जबाबदारीच्या जागी असतो, कारण माणसंच कमी पडतात. नाटकाला पात्रं तेवढीच लागतात, संघात खेळाडू तेवढेच लागतात, पण निवडायला पोरं पन्नासच असतील तर शेवटच्या बाकावरच्यालाही बोलवावंच लागतं. आणि नेमकी ही काठावरची मुलं, लहान शाळेत त्यांना वाटायचं की आपण यायला पाहिजे, मोठ्या शाळेत तसं काही वाटायचं नाही. शाळा मोठी असेल तर तिचा आकार काही आपल्याला बदलता येत नाही, पण गट लहान ठेवणं आपल्या हातात असतं. साठ मुलांचं एक विज्ञान मंडळ केलं तर त्यात पाच जण काम करतात आणि पंचावन्न जण हजेरीला असतात. बारा-पंधराचे चार गट केलेत तर लपायला जागा राहत नाही.

आता तुमच्यातला कुणी म्हणेल, आणि म्हणायलाच पाहिजे, की मुळात ज्यांना शाळा आवडते तीच मुलं ॲक्टिव्हिटीत येतात, मग श्रेय ॲक्टिव्हिटीला कसं द्यायचं. हा आक्षेप खरा आहे आणि या विषयातल्या बऱ्याच आकडेवारीला लागू होतो. माझ्या लाइटवाल्या पोराचंही, तालमीला येऊन बसण्याएवढी उत्सुकता त्याच्यात आधीच होती असं कुणी म्हणालं तर मी काय सांगणार. तरी एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. माहोनी आणि केर्न्स यांनी 392 मुलांवर सातवीपासून बारावीपर्यंत लक्ष ठेवलं, 1997 मध्ये ते छापून आलं. उपक्रमात भाग घेणाऱ्यांमध्ये शाळा सोडण्याचं प्रमाण कमी होतं हे तर दिसलंच, पण हा फरक सगळ्यात ठळक होता तो अभ्यासात आणि वागण्यात आधीच मागे पडलेल्या, शाळा सुटण्याचा धोका सगळ्यात जास्त असलेल्या मुलांमध्ये. म्हणजे हुशार, समजूतदार मुलांना नाटक असलं काय नसलं काय, ती टिकणारच असतात. जी निसटत असतात त्यांना हा एक दोर असतो. हाही प्रयोग नव्हे, निरीक्षणच, त्यामुळे छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण माझ्या हजेरीपटाशी जुळतं.

आणि आपण शाळेत नेमकं उलटं करतो बघा. नोटीस लावतो, चाचणी घेतो, आवाज चांगला असलेले, घरून पोशाख आणू शकणारे, "सांगितलेलं ऐकणारे" निवडतो, म्हणजे ज्यांना गरज कमी त्यांना सगळं. तीच वीस पोरं वक्तृत्वात, तीच नाटकात, तीच विद्यार्थी मंडळात. मागच्या बाकावरचा मुलगा नोटीस वाचून कधीच येत नाही. त्याला जाऊन सांगावं लागतं, आणि "भाग घे" असं म्हणून चालत नाही, "मला पडदा ओढायला माणूस हवाय, ये" असं म्हणावं लागतं.

आता सक्ती. इथे मी स्वतः दोन्ही बाजूंनी चुकलोय म्हणून अडखळतो. रीड लार्सन नावाच्या अभ्यासकाने मुलांजवळ पेजर देऊन, दिवसात केव्हाही तो वाजला की त्या क्षणी काय करताय आणि कसं वाटतंय ते लिहून घ्यायचं, अशा पद्धतीच्या नोंदींवर काम केलंय. त्यात दिसलं की वर्गात मुलांचं डोकं कामात असतं पण मन नसतं, मित्रांबरोबर मन असतं पण डोकं कशात खुपसलेलं नसतं, आणि खेळ, कला, संघटना असल्या शिस्तीच्या पण स्वखुशीने निवडलेल्या कामात दोन्ही एकत्र असतात. यातला स्वखुशीने हा शब्द आपण विसरतो आणि सक्ती करतो. पण नुसतं "ज्याला यायचं त्याने यावं" म्हटलं की पुन्हा तीच वीस पोरं. म्हणून मी आता मधला मार्ग काढलाय, पहिला महिना सगळ्यांनी तीन-चार ठिकाणी फिरून बघायचं, हे सक्तीचं, मग एक निवडायचं, आणि सत्राच्या मध्यावर एकदा बदलायची मुभा, कारण विचारायचं नाही. बदलणारे निघतात थोडेच, पण दार उघडं आहे हे माहीत असलं की बसणारा वेगळ्या मनाने बसतो.

मार्कांचं मात्र माझं मत पक्कं आहे, ठेवू नका. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा 1973 चा प्रयोग ट्रेनिंगमध्ये तुम्ही ऐकला असेल. बालवाडीतली मुलं, स्केचपेनने चित्रं काढायची हौस असलेली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सर्टिफिकेट मिळेल, आणि दिलं. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. ज्यांना न सांगता अचानक दिलं त्यांचं काही बिघडलं नाही. बालवाडी ते नववी ही उडी मोठी आहे हे मान्य, पण आमच्याकडे भित्तीपत्रकाला एक वर्ष दहा मार्क ठेवले होते तेव्हाचं मला आठवतंय. त्याआधी पोरं विचारायची, "सर, यावर लिहू का?" त्या वर्षी विचारायला लागली, "सर, किती ओळी लिहिल्या की पूर्ण मार्क?" पुढच्या वर्षी मार्क काढले तर भित्तीपत्रकाला माणसंच मिळेनात, ते परत जागेवर यायला दोन वर्षं गेली.

आणि ती तिसरी अट, नापास झाला की ॲक्टिव्हिटी बंद. ही कल्पना तुमच्या शाळेची एकटीची नाही, अमेरिकेत टेक्सास राज्याने 1984 मध्ये कायदाच केला होता की एखाद्या विषयात 70 च्या खाली गेलात की सहा आठवडे खेळ वगैरे बंद, 1995 मध्ये ती मुदत तीन आठवड्यांवर आणली. वरून बघता बरोबरच वाटतं, खेळायची ओढ आहे तर त्या ओढीने अभ्यास करेल. काही मुलं करतातही, मी बघितलीत, बहुतेक ती की ज्यांना थोडा धक्का पुरतो. पण मी हे स्वतः एका मुलीला केलं होतं. आठवीत, व्हॉलीबॉलची सेटर, हाताला काय अंदाज होता तिच्या. सहामाहीत गणित आणि विज्ञान गेलं. मी म्हटलं, पुढच्या चाचणीत पास हो, मग ये ग्राउंडवर. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेचे नी-पॅड धुऊन, घडी करून माझ्या टेबलावर ठेवून गेली. घडी घातलेले नी-पॅड मी त्याआधी कधी बघितले नव्हते. त्यानंतर तिची हजेरी उतरायला लागली, आणि पाच आठवड्यांनी मी स्वतःच जाऊन म्हटलं, चल, ये परत, तर म्हणाली "आता नको सर." चाचणीत ती पास झालीच नाही. ग्राउंड काढून घेतल्यावर वाचलेला तास ती गणिताला देईल असं मी धरून चाललो होतो. तिला गणित येत नव्हतं, वेळ कमी पडत नव्हता.

जेरेमी फिन यांनी 1989 मध्ये याची साखळी चांगली मांडलीय, की मूल आधी भाग घेतं, भाग घेताना थोडं यश मिळतं, त्यातून ही जागा आपली वाटते, आणि आपली वाटली की पुन्हा भाग घेतं. शाळा सुटते तीही अशी एका दिवसात सुटत नाही, एकेक कडी निखळत जाते. त्या मुलीची जी एक कडी धड होती तीच मी काढली. आता आमच्याकडे सराव कुणाचाच बंद होत नाही. सरावाच्या आधी पाऊण तास सगळा संघ एका वर्गात बसून अभ्यास करतो, ज्याचं गणित चांगलं तो बाकीच्यांना सांगतो. गडबड होते, गप्पाही होतात, पण जिला शिक्षकाला विचारायची लाज वाटते ती आपल्या संघातल्या पोरीला विचारते.

वेळेचं थोडक्यात सांगतो. "जास्त होईल, मुलं दमतील" ही भीती पालक सभेत हमखास निघते. माहोनी, हॅरिस आणि एक्लस यांनी 2006 मध्ये अमेरिकेतली आकडेवारी बघितली तेव्हा तिथली मुलं सरासरी आठवड्याला पाचेक तास अशा उपक्रमांत होती, 20 तासांच्या वर जाणारी अगदी थोडी, आणि अजिबात भाग न घेणारी बरीच, आणि काळजी करण्यासारखी परिस्थिती या शेवटच्यांचीच जास्त होती. मीही हेच बघतो, वर्गातली दोन-तीन मुलं उपक्रमांनी थकलेली असतात आणि पंधरा-वीस मुलं कशातच नसतात. मात्र ज्यांना घरी जाऊन धाकट्या भावंडाला बघायचंय किंवा ज्यांची शेवटची गाडी चुकते त्यांच्यासाठी शाळा सुटल्यानंतरचा उपक्रम म्हणजे नसल्यातच जमा. निदान एक तास वेळापत्रकाच्या आत बसवा.

अजून एक, म्हटलं तर अवघड. ॲक्टिव्हिटी म्हटलं की सगळं चांगलंच असं नाही. एक्लस आणि बार्बर यांच्या 1999 च्या अभ्यासात सांघिक खेळातल्या मुलांना शाळा जास्त आवडत होती, मार्कही बरे होते, आणि तीच मुलं दारू पिण्यातही पुढे होती. गट जमला की गटाची संगतही आली. म्हणून तिथे उभा असलेला मोठा माणूस कोण, हे उपक्रम कुठला यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं. चारचौघांत पोराचा पाणउतारा करणारा कोच असेल तर त्यापेक्षा उपक्रम नसलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे, आमच्याकडे एक वर्ष असं झालं होतं आणि संघातले निम्मे शाळेलाच कंटाळले.

तेव्हा आराखड्यात क्लबची यादी लिहायच्या आधी कामांची यादी लिहा. नाटक असेल तर लाइट, पडदा, सामान, आठवण करून देणारा, तिकडे वर्तमानपत्र असेल तर फोटो, शुद्धलेखन, चिकटवणं, बातमी आणणं, खेळात गुण लिहिणारा, चेंडू सांभाळणारा. प्रत्येक कामापुढे एकच नाव, आणि काम असं की तो नसला तर त्या दिवशी कुणाला तरी कळेल. मग तुम्ही म्हणताय त्या असून नसल्यासारख्या मुलांमधली आठ-दहा नावं आधी भरा, चाचणी वगैरे नंतर. आणि मोजायचंच असेल, हेडसर मागणारच काहीतरी, तर मार्क मोजू नका, हजेरी वारानुसार काढून ठेवा, आत्ता जूनच्या आधीची आणि मग दर महिन्याची. उपक्रमाच्या दिवसाची हजेरी आधी वाढेल, ती शेजारच्या दिवसात सांडायला लागली की समजा जमतंय. तीन महिन्यांत नाही सांडली तर त्या मुलाचं काम बदलून बघा.

हेडसर मार्कांच्या अटीवर अडून बसले तर एकवेळ मान्य करा, निदान "केलं / नाही केलं" एवढ्यावर आणा, पण नापासवाली अट एक वर्ष तरी पुढे ढकला म्हणावं, हवं तर माझं नी-पॅडचं सांगा. आणि तुमच्याकडे तुकड्या किती आणि मनाने यात पडतील असे शिक्षक किती, ते कळवलंत तर वेळापत्रकात तो एक तास कुठे बसवायचा ते बघू, कारण खरी मारामारी तिथेच होणार आहे.